ग्राहकांचा ग्रुप, पाकिटावरचा पत्ता आणि माझाच फोटो लावलेला दुसरा नंबर

शेंगाचटणीवाली

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी नऊ वर्षं झाली घरातून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकते. जुळे सोलापुरात राहते. चटणी अजून उखळातच कुटते. मिक्सरला लावली की नुसता भुगा होतो, तेल सुटत नाही, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. आधी गिऱ्हाईक म्हणजे शेजारपाजार आणि लेकीच्या शाळेतल्या बाई. लॉकडाऊनमध्ये लेकीनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून दिला आणि पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूरकर एकमेकांना त्यात ओढत गेले. आज ग्रुपात ३१२ माणसं आहेत. दर रविवारी मी टाकते, "मंगळवारी भाकरी, गुरुवारी चटणी, नावं सांगा." खाली लोक लिहीत जातात. नाव, किती किलो, कुठं पोचवायचं. पत्तासुद्धा तिथंच, सगळ्यांसमोर. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. दुकानाच्या फळीवर उधारीची वही असते तशी ही माझी वही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी भाकऱ्या वाळत घातल्या होत्या, तेवढ्यात एका निवृत्त मास्तरांचा फोन. कोथरूडला असतात, जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "ताई, पैसे पाठवले, पोचले का?" म्हटलं कसले पैसे? तर त्यांना एका दुसऱ्याच नंबरवरून मेसेज गेलेला. फोटो माझा. नाव माझं. मजकूर असा: "सर, जुना नंबर बंद पडलाय. दिवाळीची नोंदणी चालू आहे. नेहमीप्रमाणे एक किलो ना? आगाऊ ५५० भरा, क्यूआर देते."

त्यातलं "नेहमीप्रमाणे एक किलो" वाचून माझ्या पोटात गोळा आला. खरंच ते नेहमी एक किलोच घेतात. म्हणजे ज्यानं हे केलं त्यानं माझी वही नीट वाचली होती. रात्रीपर्यंत असे सात जण निघाले. ३,८५० रुपये. रक्कम फार नाही म्हणाल, पण मला एक किलो चटणीमागं सुटतं किती ते मलाच माहीत.

फोटो कुठला लावला होता तेही सांगते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याला, होम मैदानावर दोन दिवस टेबल मांडलं होतं, तेव्हाचा. मी पुढं आणि मागं लेक, हातात वजनकाटा. मी तो स्टेटसला ठेवला होता. गिऱ्हाइकांचे सगळे नंबर माझ्याकडं सेव्ह आणि माझा त्यांच्याकडं, म्हणजे माझं स्टेटस गिऱ्हाइकांनाही दिसतंय हे माझ्या डोक्यातच नव्हतं. लेकीचा वाढदिवस, तिचं हॉल तिकीट, गाणगापूरला निघालो तेव्हा कुलूप लावलेलं घर, सगळं स्टेटसला टाकलंय की मी. तीनशे जणांना सांगून घर बंद करून गेले होते.

आणखी एक जुनं दुखणं. नंबर एकच. घरचा तोच, धंद्याचा तोच. रात्री साडेअकराला "ताई चटणी तिखट आहे का" असे फोन यायलेत. त्यातला एक तर चटणीचं निमित्त करून "जेवलात का" विचारायलाय. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. आणि मे महिन्यात एक माणूस रात्री साडेनऊला मोबाइलवरचा नकाशा बघत थेट दारात. चटणीच घ्यायला आला होता बिचारा, पण मी आणि लेक दोघीच घरात. पुतण्यानं गुगलच्या नकाशावर घराचा टाचण, म्हणजे खुणेची पिन, मारून ठेवलाय. तो आता बंगळूरला नोकरीला आहे. तो टाचण काढायचा कसा ते मला येत नाही आणि त्याला वेळ नाही.

लेक म्हणते ग्रुप आजच्या आज बंद कर. ग्रुप बंद केला तर दिवाळीचा धंदा गेला. दसरा होऊन गेलाय, दिवस किती राहिलेत बघा. घरचा पत्ता लपवावा म्हटलं तर पाकिटावर छापायला लागतोच असं ऐकलंय. आणि त्या सात जणांचं काय करू? मला तर वाटतंय गुपचूप चटणी पाठवून द्यावी. माझ्याच ग्रुपातून नंबर गेले ना.

सोलापूर_मेल

एवढं होतंय तर कशाला ते सोशल मीडिया? बंद करा सगळं. आमच्या मावशीनं आयुष्यभर पाटी न लावता पापड विकले.

नवीपेठेतला

"बंद करा सगळं" म्हणणाऱ्याच्या घरी एक तारखेला पगार येत असणार. 😀

ताई, मी नवी पेठेतल्या पाच-सहा दुकानांची इन्स्टा-फेसबुकची पानं बघतो, म्हणून सांगतो. तुमच्यासारखे ग्रुप मी गल्लोगल्ली बघितलेत. साडीवाले, क्लासवाले, जिमवाले, सगळ्यांचं हेच.

ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. "फक्त ॲडमिननं लिहावं" असं सेटिंग केलं तरी दिसतोच. लोकांना वाटतं ते केलं की झालं. त्यामुळं ३१२ जणांत एक जण शिरला, नंबर उतरवून घेतले, महिनाभर ऑर्डरी वाचल्या, काम झालं. हॅक-बिक काही झालेलं नाही. तुमच्या ग्रुपात यायची लिंक कुणीतरी कुठंतरी टाकलेली असणार. आधी ग्रुपच्या माहितीत जाऊन जुनी लिंक रद्द करा, आणि नवीन माणूस तुमच्या मंजुरीशिवाय आत येणार नाही असं करून ठेवा.

ग्रुपऐवजी काय, तर ब्रॉडकास्ट लिस्ट. तुम्ही एकदा लिहायचं, प्रत्येकाला ते स्वतंत्र मेसेज म्हणून जातं, उत्तर फक्त तुम्हाला येतं. कुणाला कुणाचा पत्ता दिसत नाही. एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, म्हणजे तुम्हाला दोन कराव्या लागतील. मेख एकच, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून ग्रुप लगेच उडवू नका. आधी चार-पाच दिवस रोज सांगा, "माझा नंबर सेव्ह करा, ग्रुप बंद होणार आहे." मग बंद. चॅनेलही काढता येतं, त्यात फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण आपलं गिऱ्हाईक चॅनेल उघडून बघेल का याची मला शंका आहे. पन्नाशीपुढचे तर नाहीच.

दुसरं सिम घ्याच. स्वस्तातलं रिचार्ज मारा. त्याच फोनमध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप टाका आणि धंदा तिकडं न्या. रात्री नऊनंतर आपोआप "उद्या सकाळी उत्तर देते" असं जाईल तशी सोय त्यात आहे. धंद्याच्या नंबरला चटणीचा फोटो लावा, तुमचा नको, लेकीचा तर मुळीच नको. डीपीचा स्क्रीनशॉट ॲप घेऊ देत नाही, पण समोरचा दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढतो, त्याला कोण अडवणार? घरच्या नंबरवर स्टेटसची प्रायव्हसी "फक्त यांनाच दाखवा" अशी करून वीस माणसं निवडा. नवीन नंबरवर जाताना मात्र जुन्या नंबरवरूनच सगळ्यांना कळवा, आणि शक्यतो बोलून व्हॉइस मेसेज टाका. तुमचा आवाज लोक ओळखतात. नुसतं लिहून "माझा नंबर बदललाय" म्हणालात तर त्या चोराचाच मेसेज परत आला असं वाटेल.

दोन्ही नंबरांना टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. आणि "लिंक्ड डिव्हायसेस" उघडून बघा, तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठं जोडलंय ते तिथं दिसतं. मागच्या महिन्यात एका साडीवाल्याकडं बघितलं तर दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या पोराचा लॅपटॉप अजून जोडलेला. रोजच्या सगळ्या ऑर्डरी तो घरी बसून वाचू शकत होता. वाचत होता की नाही देव जाणे.

टाचणाचं: गुगलवर बिझनेस प्रोफाइलमध्ये पत्ता लपवून फक्त "या भागात पोचवतो" असं दाखवता येतं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड असे भाग द्या, घराचा टाचण जातो. पण प्रोफाइलचा मालक तुमचा पुतण्या आहे, म्हणून त्याच्याकडून तुमच्या मेलवर मालकी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. दिवाळीला घरी येईल तेव्हा चटणीचा डबा हातात द्यायच्या आधी करून घ्या. 😀 निम्म्या सोलापुरात दुकान बापाचं आणि फेसबुकचं पान पुण्याला गेलेल्या भाच्याच्या नावावर, अशी गत आहे.

टॉवेलवाले_काका

ताई, मन लावून वाचलं. मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत. टॉवेल, नॅपकिन. वय ६१. तुम्हाला सात जणांचे ३,८५० वाटायलेत, माझं ऐका.

दोन वर्षांपूर्वी एकानं फोन केला. हिंदीत. म्हणे लष्करातला अधिकारी आहे, जवानांसाठी ५०० टॉवेल पाहिजेत. माझा नंबर त्याला माझ्याच जाहिरातीतून मिळाला. त्यानं आपलं ओळखपत्र पाठवलं, गणवेशातला फोटो पाठवला, आणि म्हणाला, "आप भी अपना भेजो, ऑफिस में लगता है." मी काय केलं? जीएसटीचा दाखला, आधारची दोन्ही बाजू, रद्द केलेला चेक, सगळं पाठवून दिलं. ३५ वर्षं धंद्यात आहे बघा. दहा रुपयांची नोट नुसती चाचपली तरी खरी-खोटी सांगतो. आणि त्या दिवशी मोबाइलवर त्यानं एक क्यूआर पाठवला, म्हणाला हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील. मी टाकला. १८,००० गेले.

पिन टाकला की पैसे जातात. येताना पिन लागत नाही. एवढंच कळायला हवं होतं. आता कारखान्यात भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, तेलुगूतसुद्धा, कारण आमचे निम्मे कामगार घरी तेलुगू बोलतात.

पण खरं दुखणं पुढं. पैसे गेले ते गेले, सहा महिन्यांनी अमरावतीकडच्या एका बाईचा फोन आला, "तुम्ही मला टॉवेल देतो म्हणून फसवलंत." त्या भामट्यानं माझं आधार आणि जीएसटीचा दाखला दाखवून तिला गंडवलं होतं! मी त्याला दिलेला कागद त्यानं पुढच्या शिकारीला ओळखपत्र म्हणून वापरला. म्हणजे मला जे "लष्करी" कार्ड आलं होतं, तेही कुठल्यातरी खऱ्या जवानाचंच असणार. त्या बाईला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. अजून तिला पटलंय का माहीत नाही.

तेव्हापासून आधार कुणाला द्यायचंच झालं तर मास्क्ड देतो. शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारवाल्यांच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, साइटवरून उतरवता येतं. आणि कागदावर आडवं लिहितो, "फक्त अमुक व्यवहारासाठी", तारीख घालून. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर कागद पाठवायचं बंद केलं. त्याच्या फोनमध्ये अख्ख्या पेठेची आधार कार्डं पडलेली असतात. त्याचा दोष नाही, आपणच पाठवतो. पण पडलेली असतात.

त्या सात जणांना चटणी द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असतो तर दिली असती. पण त्यांनी तक्रार केल्याशिवाय नाही.

फॉर्मवाली

काकांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. वहिनी, पैसे ज्यांचे गेले त्यांनीच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायचा. त्या सातही जणांनी, वेगवेगळा. तुमचे पैसे गेलेले नाहीत, त्यामुळं तुमची तक्रार वेगळी, तुमचं नाव आणि फोटो वापरून फसवल्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६सी आणि ६६डी ही कलमं त्यासाठीच आहेत, तीन वर्षांपर्यंत कैद. १९३० वर जितक्या लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवायची शक्यता जास्त. आठवडा गेलाय, तरी करायला लावा. तोच खाते क्रमांक दुसऱ्या तक्रारींत आधीच आलेला असू शकतो. तुम्ही स्वतः सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर भरा, आणि शहरात राहता म्हणजे पोलीस आयुक्तालयाकडं. तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला ग्रामीण पोलिसांकडं जावं लागेल, इथं लोकांचा हेलपाटा होतो. मेसेज खोडू नका. त्या नंबरला व्हॉट्सॲपवर रिपोर्टही करा, पण आधी स्क्रीनशॉट, नंबर दिसेल असा.

मी बायकांचे अन्न परवान्याचे आणि उद्यम नोंदणीचे फॉर्म भरून देते. पाकिटाचा प्रश्न मला महिन्यातून दोनदा येतो. हो, पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता आणि अन्न परवान्याचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक लागतो. त्यातून सुटका नाही आणि नसावी, खाणाऱ्याला कळायला पाहिजे कुठं बनलंय. पण पाकीट ज्याच्या हातात पडलं त्यानं तुमच्याकडून विकत घेतलेलं असतं. फेसबुकला नुसता कौतुकाचा फोटो टाकताना तो पत्ता अख्ख्या इंटरनेटला कशाला दाखवायचा? आमच्या बायका काय करतात, नवीन लेबल छापून आलं की कौतुकानं पाठीमागच्या बाजूचा फोटो फेसबुकला टाकतात. पत्त्यासकट, मोबाइलसकट. पुढची बाजू टाका की! ग्राहक तक्रारीचा नंबर म्हणून पाकिटावर तो नवीन सिमचा नंबर छापा, घरचा नको. आत्ता दिवाळीची लेबलं छापायला दिली नसतील तर थांबा.

आणि एक जरा कडू बोलते. तुम्ही तुमच्या पत्त्याची काळजी करताय, पण त्या ३१२ जणांचे पत्ते तुमच्या हातात होते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढं १८ महिन्यांची मुदत दिलीय. २५० कोटी दंडाचा आकडा बघून घाबरू नका, ती वरची मर्यादा आहे, चटणीवाल्यांवर कुणी तेवढा लावायला बसलेलं नाही. पण दुसऱ्याचा नंबर ज्या कामाला घेतला त्याच कामाला वापरायचा, काम संपलं की ठेवायचा नाही, हे त्यातलं मूळ सूत्र तुमच्या वहीलाही लागू पडतं. तीन वर्षांत ज्यानं पाव किलोसुद्धा घेतली नाही त्याचा पत्ता कशाला ठेवलाय?

शेंगाचटणीवाली

सगळ्यांचे आभार. फॉर्मवाली ताई, कडू लागलं, पण खरं होतं.

लेबलं छापायला दिलेली होती. दोन हजार. धावत गेले, छापखान्यात प्लेट निघाली होती पण कागद चढला नव्हता. प्लेटचे पैसे गेले, लेबलं वाचली. नवीन सिम लेकीच्या नावावर न घेता माझ्याच नावावर घेतलं.

सातपैकी पाच जणांनी १९३० वर फोन केला. एक म्हणाल्या ५५० रुपयांसाठी कोण वेळ घालवणार. त्यांना काय बोलणार? मास्तरांनी मात्र तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून मला वाचून दाखवला, शुद्धलेखन सांगावं तसा. त्यांच्या बँकेतून अजून काही कळलेलं नाही. सातही जणांना चटणी पाठवली, अर्धा-अर्धा किलो. पूर्ण परवडत नाही. काका, तुमची अट मोडली मी. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांनाही दिली. राहवलं नाही.

व्हॉइस मेसेज टाकला. तीनदा पुसला, आवाज थरथरत होता. शेवटी चटणी कुटता कुटताच बोलले, मागं उखळाचा आवाज येतोय. लोक म्हणायलेत आता हाच खरा पुरावा. त्यात सांगितलंय की मी आगाऊ पैसे घेतच नाही, माल हातात पडल्यावरच घेते, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर माझं पूर्ण नाव दिसलं नाही तर पैसे टाकू नका.

ग्रुप रविवारी बंद करणार. ३१२ पैकी १८७ जणांनी नवा नंबर सेव्ह केल्याचं कळवलंय. बाकीच्यांत बरेच नुसते बघे होते हे आता कळतंय. नवी पेठेतल्या दादाच्या सांगण्यावरून लिंक्ड डिव्हायसेस बघितलं, तर एक लॅपटॉप सापडला. पुतण्याचा. त्याला फोन केला तर म्हणतो, "काकू, मी कधीच काढला असता, पण तू भाकरीचे दिवस टाकतेस ते वाचलं की बरं वाटतं."

लॅपटॉप काढून टाकला. त्याला ब्रॉडकास्टमध्ये घातलंय. टाचणाचं विचारायचं राहूनच गेलं, तेवढ्यासाठी परत फोन लावते.